मेडिकल बदलताना सांगायचं काय?

गेल्या वर्षी आम्ही घरच्या औषधांचं दुकान बदललं. कोणाशी भांडण झालं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. तरी पुढचे दीड-दोन महिने मी जुन्या मेडिकलसमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून चालत होतो. हातात नव्या दुकानाची पिशवी असली तर ती आधी सॅकमध्ये कोंबायची. अठ्ठावीस वर्षांचा, चांगली नोकरी असलेला माणूस एका मेडिकलवाल्यापासून तोंड लपवतोय! आपण काही चुकीचं केलं नसेल तर लपवतोय कशाला, आणि केलं असेल तर नेमकं काय? या प्रश्नाने बरेच दिवस पिच्छा पुरवला, म्हणून हे लिहितोय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझी कंपनी पुण्यात, पण मी घरूनच काम करतो. बाबा सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल, आईला थायरॉइड. महिन्याचं औषधांचं बिल १,८५० रुपयांच्या आसपास. मी अकरावीत असल्यापासून ही औषधं कोपऱ्यावरच्या एकाच मेडिकलमधून यायची. दुकानदारांना आम्ही सगळे काका म्हणतो.

काकांना आमच्या घराचं सगळं पाठ होतं. खोकल्याचं औषध मागायला गेलं की "तुला की बाबांना?" हा पहिला प्रश्न. बाबांना असेल तर साखर नसलेली बाटली. आईची गोळी संपत आली की तेच आठवण करून द्यायचे. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा आम्ही फोन करायच्या आत त्यांचा मुलगा महिन्याची औषधं गेटला अडकवून गेला होता. पैसे आम्ही तीन आठवड्यांनी दिले. यातलं काहीच कधी बिलावर छापून आलं नाही.

मग आमच्यापासून दहा मिनिटांवर जनऔषधी केंद्र उघडलं. ही योजना २००८ सालची, आता देशभर अशी दहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत. तिथे ब्रँडच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने गोळ्या मिळतात, त्याही बऱ्याच स्वस्त. मी सवयीने एक स्प्रेडशीट केली. आमची तीच औषधं तिथे ५४० रुपयांत बसत होती. म्हणजे महिन्याला १,३१० आणि वर्षाला १५,७२० रुपयांचा फरक.

पगारदार मुलाच्या घरात एवढ्याने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पण बाबांची पेन्शन महिन्याला अडीच हजार आहे, आणि आपली औषधं आपल्याच पैशाने आणायची हा त्यांचा हट्ट आहे. औषधं घेऊन त्यांच्या हातात साडेसहाशे उरायचे. त्यात महिनाभराचा पेपर, चहा आणि मित्रांच्या मुलांच्या लग्नातली पाकिटं. हा हट्ट मोडायची माझी हिंमत नव्हती. बिल कमी करणं मात्र माझ्या हातात होतं.

डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी मूळ नावांनी नवीन चिठ्ठी लिहून दिली. ते गरजेचं असतं. डॉक्टरांनी एखादा ब्रँड लिहिला असेल तर दुकानदाराला या प्रकारची औषधं स्वतःच्या मनाने बदलून देता येत नाहीत, कायदाच तसा आहे. चिठ्ठी मिळाली, नव्या दुकानातून औषधं आणली, शीट बंद केली. काकांना काही सांगितलं नाही. सांगायचं काय? आम्ही अकरा वर्षं छापील किंमत मोजली होती. हिशोब चुकता होता.

निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास बाबा सोफ्यावरून उठले आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसले. दोन दिवस चक्कर येतेय, पण सांगितलं नाही, म्हणाले. जनऔषधी केंद्र त्या वेळी बंद. आई म्हणाली, "जा, भाऊंकडून चक्करची गोळी घेऊन ये." आईचे भाऊ म्हणजे तेच काका.

मी गेलो. काका शटर अर्धं ओढून हिशोब करत बसले होते. गोळी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "चक्कर कशाने येतेय ते कळल्याशिवाय काही देणार नाही. काय काय चालू आहे? सगळ्या स्ट्रिप घेऊन ये."

सगळ्या म्हणजे नव्या दुकानाच्यासुद्धा. घरी जाऊन बाबांचा डबा उचलला आणि त्यांच्या काउंटरवर रिकामा केला. त्या एका मिनिटात माझे कान किती तापले होते ते सांगता येणार नाही. काकांनी चष्मा लावला, एकेक स्ट्रिप उजेडात धरली आणि दोन बाजूला काढून ठेवल्या. एक त्यांच्याच दुकानातली जुनी, उरलेली. एक जनऔषधीची नवी. दोन्हींवरची नावं वेगळी, रंग वेगळे. आत मात्र तेच, टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन. डॉक्टरांनी एक नवीन गोळी वाढवली असं समजून बाबा दोन्ही घेत होते. साखरेच्या गोळीचा असा घोळ झाला नाही, कारण मेटफॉर्मिन हे नाव त्यांना माहीत होतं.

"डॉक्टरांना आत्ता फोन लाव," काका म्हणाले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला सांगितला. मशीनवर ९६/६० आला. सकाळची गोळी घेऊ नका, झोपून राहा, पाणी प्या आणि उद्या दवाखान्यात या, असा निरोप मिळाला. काकांनी तोवर मार्कर घेऊन प्रत्येक स्ट्रिपवर मराठीत लिहिलं होतं: "बीपी, सकाळी १", "साखर, जेवणानंतर". परक्या दुकानाच्या स्ट्रिपवरही लिहिलं. पैशांचा विषय निघाला नाही, कारण विकलं काहीच नव्हतं.

ही गोष्ट इथे संपवून "म्हणून माणसं जपा" म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तसं म्हणायचं तर बाबांनी दरमहा १,३१० रुपये माझ्या कृतज्ञतेपोटी मोजायचे. कृतज्ञता माझी आणि खिसा त्यांचा, हा कुठला न्याय? शिवाय काकासुद्धा या व्यवहारात संत नव्हते. सरकारी किंमत-नियंत्रणाच्या सूत्रात किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. टक्केवारीवर कमाई असली की महाग ब्रँड विकण्यात दुकानदाराचा फायदा असतो. आमच्या बिलामागे त्यांना ढोबळमानाने दोन-अडीचशे रुपये सुटत असणार. अकरा वर्षांत "हेच औषध स्वस्तात मिळतं, डॉक्टरांना विचारून बघा" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

अर्थात दुसऱ्या बाजूने बघा. एका कुटुंबाच्या दुखण्यांचा अकरा वर्षांचा इतिहास डोक्यात ठेवायचा, रात्री साडेदहाला चष्मा लावून स्ट्रिपा तपासायच्या, आणि या सगळ्याची किंमत महिन्याला अडीचशे रुपये. तीही वेगळी न मिळता गोळ्यांच्या किमतीत मिसळून येणारी. माझ्या स्प्रेडशीटमध्ये गोळ्यांचा कॉलम होता. लक्ष ठेवण्याचा नव्हता.

आमच्या क्षेत्रात जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करण्याला मायग्रेशन म्हणतात. त्यातला धोका सगळ्यांना माहीत असतो. जुनी सिस्टीम अशी कितीतरी कामं करत असते जी कुठेच लिहून ठेवलेली नसतात. ती बंद केल्यावरच कळतात. म्हणून आधी यादी करायची, दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवायच्या, जुनी सांभाळणाऱ्या माणसाशी बोलायचं. ऑफिसात मी हे सगळं करतो. स्वतःच्या बापाच्या गोळ्यांच्या वेळी यातलं एकही केलं नाही. ज्याला मी बचत म्हणत होतो, तिच्यात एक काम माझ्याकडे आलं होतं. मी पैसे उचलले आणि काम तसंच रस्त्यावर सोडून दिलं.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० सालचं एक छोटं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, जे मिळतंय ते पटत नसेल तर माणसापुढे दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा बोलणं. निष्ठेचा उपयोग हा की ती लगेच निघून जाऊ देत नाही, आधी बोलायला लावते. त्याने उदाहरण दिलंय नायजेरियाच्या रेल्वेचं. ट्रकवाहतुकीची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारली नाही, कारण तक्रार करू शकणारी गिऱ्हाईकं गुपचूप ट्रककडे गेली होती. ते वाचताना मला आमची गल्ली दिसली. माझ्यासारखी स्प्रेडशीट करणारी मुलं न बोलता निघून जाणार. मागे उरणार ती दोन गल्ल्या सोडून राहणारी आजी, जिला जनऔषधी म्हणजे काय हेच माहीत नाही. ती पूर्ण बिल भरत राहणार, आणि काकांना गिऱ्हाईक का कमी झालं ते कळणार नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांना दवाखान्यातून आणल्यावर मी दुकानात गेलो. म्हटलं, "काका, आम्ही महिन्याची औषधं जनऔषधीतून घेतोय. बिल तेराशेने कमी होतं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

ते एका गिऱ्हाईकाचे सुटे पैसे मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "मला महिनाभर आधीच कळलं होतं. वहिनी दिसायच्या, चिठ्ठी येत नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? स्वस्तात मिळत असेल तर घ्यावंच माणसाने." थोडं थांबून म्हणाले, "डॉक्टरांनी मूळ नावाने लिहून दिलं असतं तर जेनेरिक मीही मागवली असती. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केलाय. त्यात त्यांची कबुली होती आणि माझ्यावर ठपकाही होता. दोन्ही खरे होते. अकरा वर्षांच्या ओळखीत पैशांबद्दल एक सरळ वाक्य कोणीच उच्चारलं नव्हतं. त्यांना धंद्याची भीती, आम्हाला संकोचाची.

आता मला वाटतं ते असं. दुकान सोडायचा हक्क आपल्याला आहे, आणि बाबांसारख्यांच्या बाबतीत ते सोडणं योग्यच आहे. पण सोडताना तीन गोष्टी लागू होतात. सोडतोय हे आणि का, ते सांगणं. तो माणूस न सांगता करत होता ती कामं स्वतःच्या अंगावर घेणं. आणि महिन्याचा माल तिकडून आणून रात्री साडेदहाची अडचण फुकटात इकडे आणायची नाही. तिसरी सगळ्यात अवघड आहे, कारण ती मी मोडलीच आहे आणि पुन्हा मोडणार नाही याची खात्री नाही. बाबांना पुन्हा चक्कर आली तर मी तत्त्व बघत बसणार नाही.

निघताना काकांनी विचारलं, "वहिनींची थायरॉइडची कुठून घेताय?" तीही तिकडून, म्हटलं. "घ्या, पण सारखी कंपनी बदलू नका. बदलली तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासून घ्या." डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. आईने मग आपली जुनीच कंपनी ठेवायचं ठरवलं. ती बाटली काकांकडून येते. त्यांना त्यात फार काही सुटत नसणार.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद आहे. औषधाचं मूळ नाव, कशासाठी, किती वाजता, स्ट्रिप कुठल्या रंगाची. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बाबांच्या डब्याशी तो ताडून बघतो आणि जुन्या स्ट्रिप काढून टाकतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिल्या रविवारी पाऊण तास लागला होता, आणि तरी एक गोळी चुकीच्या रकान्यात लिहिली होती. ती बाबांनी पकडली.