भाताचा आकडा

आवणी लागली की शहापूर-मुरबाडकडे चुली पहाटेच पेटतात. भात किंवा तांदळाची भाकरी, सोबत सुकट नाहीतर वालाची आमटी, एवढं पोटात घालून माणसं खाचरात उतरतात आणि अंधार पडेपर्यंत कंबरेत वाकून असतात. त्याच घरातला मुलगा आसनगावला लोकल पकडतो, ठाण्यात आठ तास खुर्चीत बसतो. दोघांचा भात एकाच टोपातला. पोट सुटतं ते मुलाचं.

मीही तसाच खुर्चीतला. वजन उतरवा असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितलं: भात सोड, त्याचा जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स) जास्त, नागली खा. वर्षभर मी या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. मग तो आला कुठून, हे शोधत गेलो.

१९८१ साली टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ तपासले. ज्यात ५० ग्रॅम कर्बोदकं आहेत एवढा पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर मोजायची आणि तेवढ्याच ग्लुकोजने होणारी वाढ १०० धरून तुलना करायची. येणारा आकडा म्हणजे जीआय. प्रश्न मधुमेह्यांच्या साखरेचा होता, वजनाचा नव्हता. साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन चढतं, मग साखर उतरते आणि लवकर भूक लागते, हा तर्क पुढे वजनाला जोडला गेला. तर्क पटण्यासारखाच आहे, मलाही पटला होता.

पण कलिंगडाचा आकडा सत्तरीच्या पुढे जातो आणि बटाट्याच्या वेफर्सचा त्याच्या खाली राहतो, कारण तेलामुळे पचन रेंगाळतं. वजन उतरवणाऱ्याने कलिंगड टाकून वेफर्स खावेत? १९९७मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ‘किती खाल्लं’ हेही हिशेबात धरलं, ते याच अडचणीतून. २०१० साली युरोपातल्या आठ देशांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन उतरवलेल्या माणसांना २६ आठवडे वेगवेगळा आहार दिला होता. कमी जीआयवाल्यांचं वजन जास्त जीआयवाल्यांपेक्षा जेमतेम एक किलोने कमी भरलं. फायदा आहे, पण एवढाच.

मला सर्वांत जास्त हलवलं ते तांदळाने. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २३५ वाणांची तपासणी जाहीर केली. आकडे ४८पासून ९२पर्यंत! म्हणजे ‘भाताचा जीआय’ असं एक काही नसतंच. नागलीचंही तेच. बारीक दळलेल्या पिठाची पातळ पेज साखर भरभर चढवते. जाडसर भाकरी, तिच्याबरोबर वरण आणि पावसाळ्यात मुरबाडच्या बाजारात येणाऱ्या शेवळांची भाजी असली की गोष्ट बदलते. आपण ताट जेवतो, एकटा पदार्थ नव्हे.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेला. प्रत्येक खाण्याला इन्सुलिन स्रवतं, म्हणून दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. इथे आकडा मागे पडला आणि वेळ पुढे आली. माझ्या ओळखीत ज्यांना हे साधलं, त्यांचं मधल्या वेळचं फरसाण आणि चहाबरोबरची बिस्किटं सुटली होती. वजन त्यानेच उतरलं असावं, असं माझं मत आहे.

वजनासाठी जीआयच्या मागे लागू नये, या मतावर मी आलो आहे. भात मी सोडला नाही. पूर्वी तीन डाव घ्यायचो, आता एक घेतो, वरणाची वाटी दोनदा भरतो आणि स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत जातो. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हा आकडा टाकून देऊ नये, तो त्यांच्यासाठीच काढलेला आहे. घरचा भात जेवल्यावर दोन तासांनी साखर मोजा, आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.