न मागणाऱ्याचे दार

रमजानचे अखेरचे दहा दिवस आले की आपल्या मोबाईलवर मदतीच्या आवाहनांची रीघ लागते. छायाचित्र पाहायचे, क्यूआर कोड स्कॅन करायचा, क्षणात जकात देऊन मोकळे! त्याच आठवड्यात मोहल्ल्याच्या बैतुलमालची पावतीपुस्तके घेऊन एखादे वयोवृद्ध गृहस्थ दारी येतात, तेव्हा त्यांच्या हाती किरकोळ रक्कम पडते. वाचकहो, मोहल्ल्याच्या, गावच्या जमातीच्या या लहान संस्था उद्या बंद पडल्या तर नेमके काय नाहीसे होईल? पैसा होणार नाही. तो दुसऱ्या वाटेने जाईल.

सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे संकोचामुळे कोणाच्या मागे लागून मागत नाहीत आणि ज्यांना अजाण माणूस सुखवस्तू समजतो. त्यांना चेहऱ्यावरून ओळखावे लागते. आता सांगा, हा चेहरा पाहतो कोण? वाण्याकडची उधारी थकली, मुलीची शाळा सुटली, ईदला त्या घरातून कोणी बाहेर पडले नाही, हे शेजाऱ्याला कळते. जाहीर आवाहनात दिसतो तो मागू शकणारा, किंवा ज्याच्यासाठी दुसरा कोणी मागतो तो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज (रजि.) यांना येमेनला पाठविताना जकात तेथील श्रीमंतांकडून घेऊन तेथीलच गरिबांना देण्यास सांगितले होते. दूरची मदत यामुळे निषिद्ध ठरत नाही. आखातातून आलेल्या पैशावर कोकणातील कितीतरी घरे सावरली आहेत. मात्र तो पैसा कोणत्या दारी न्यायचा, हे गावातल्याच कोणाला तरी ठाऊक होते.

‘पण हिशेब कोण देतो?’ ही आपली तक्रार रास्त आहे. जकात गोळा करून आलेला एक अधिकारी ‘हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले’ असे म्हणाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून त्याची कानउघाडणी केली. ज्या समितीला हिशेब विचारणे हा अपमान वाटतो, तिने हा प्रसंग आठवावा. रकमा उघड्या असाव्यात, घेणाऱ्यांची नावे झाकलेली. आपल्याकडे नेमके उलटे होते: शिधावाटपाची छायाचित्रे सर्वत्र फिरतात आणि जमाखर्चाची वही कपाटात राहते!

आणखी एक गोष्ट. कुरआनने जकातीच्या आठ वाट्यांत ती गोळा करणाऱ्यांचाही वाटा ठेवला आहे (सूरह तौबा, ६०). आपण मात्र हे काम निवृत्तांच्या फावल्या वेळावर सोपविले.

त्या वृद्ध गृहस्थांजवळ घरांची एक यादी आहे. ती कागदावर नाही, त्यांच्या स्मरणात आहे. पुढच्या रमजानमध्ये ते आले तर त्यांच्या सोबतीला कोणी तरुण आहे का, ते पाहा. नसेल, तर आपल्याच घरातून कोण जाऊ शकेल?