काका, जरा बाजूला व्हा

बसा सगळे. भित्तिपत्रकासाठी दिलेले तुमचे फोटो मी काल रात्री एकेक करून पाहिले. ते आज लागणार नाहीत. का, ते नीट ऐका. आणि मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा.

हा चौथा फोटो. भायखळा, अग्निशमन दलाचं मुख्यालय, १४ एप्रिल. स्मारकापुढे फुलं आहेत आणि डाव्या कडेला पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ हात जोडून, डोळे मिटून उभे आहेत. आता पाचवा बघा. फुलं तीच, ऊन तेच, गृहस्थ नाहीत. कुठे गेले ते? मी विचारलं तेव्हा एकाने खरं सांगितलं, तेवढं त्याचं मानते. ‘बाई, आम्ही म्हटलं, काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.’ आणि ते झाले बाजूला. एक शब्द बोलले नाहीत.

ते कोण होते, विचारलंत? दलातून निवृत्त झालेले? कुणाचे भाऊ, कुणाचे वडील? नाही विचारलंत. बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी असताना आपल्या कन्नमवारनगरातलं अभिवादन आटोपून, भर उन्हात धीम्या लोकलने भायखळ्यापर्यंत गेलात, याचं मला कौतुक होतं. तिथे जाऊन ज्याचं दुःख खरं होतं त्यालाच तुम्ही हटवलंत.

आता फोटोखालचा मजकूर. ‘१९४४ साली मुंबईवर सोन्याचा पाऊस.’ जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, स्फोटात त्या उडून लांबवर पडल्या, हे खरं आहे. पण स्मारक त्या विटांचं आहे का? त्या दिवशी दलाचे ६६ जवान गेले. तुमच्या पाच ओळींत हा आकडा एकदाही नाही.

मग ऐका. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्याही. दाबून बांधलेली गासडी आतून धुमसते, वरून कितीही पाणी मारलं तरी आतपर्यंत पोचत नाही. दुपारी धूर दिसला, वर्दी गेली, बंब आले. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं असतं. ते लावलेलं नव्हतं. जवानांनी होज ओढले आणि पाणी मारत राहिले. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या जहाजात गेलं. आत ते उकळायला लागलं, बाहेरचा पत्रा तापून लाल व्हायला लागला, तरी होज सुटले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो या माणसांमुळे. तुम्ही त्याच दिवशी, त्याच ठिकाणी उभे होतात.

कॅमेऱ्याचीच गोष्ट हवी असेल तर तीही सांगते. सुधीश घटक नावाच्या छायाचित्रकाराने त्या स्फोटांचं आणि नंतरच्या वाताहतीचं चित्रण केलं होतं. लष्कराने ती फिल्म जप्त केली, तिचे काही भाग पुढे लोकांना दाखवले गेले. युद्धकाळ होता, वार्ताहरांना मे महिना उजाडेपर्यंत बातमीसुद्धा बाहेर पाठवता आली नाही. एका माणसाचं चित्रण सरकारला लपवावंसं वाटलं, इतकं त्यात खरं होतं. तुमच्या फोटोंपैकी अकरांत तुमचे स्वतःचे चेहरे आहेत. एकीने तर चौथऱ्याला टेकून दोन बोटं वर केली आहेत. तू ऊठ. तुझ्या आजोबांच्या तसबिरीपुढे अशी उभी राहशील? मग इथे कशी राहिलीस? बस खाली.

आणि हे सगळं जुनं आहे, आपल्याला काय त्याचं, असं कुणी मनात म्हणत असेल तर ९ मे २०१५ ही तारीख वहीत लिहा. काळबादेवीची गोकुळ निवास इमारत. आग विझवताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजले. त्यांना आपल्या खाडीपलीकडे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये ठेवलं होतं. त्याच महिन्यात तेही गेले. दलाचा प्रमुख, म्हणजे ज्याला लांब उभं राहून हुकूम देता आले असते, तो आत होता. चारही नावं लिहा. राणे, देसाई, अमीन, नेसरीकर. शुद्धलेखन मी तपासणार आहे.

तुमच्यातले निम्मे टागोरनगर-कन्नमवारनगरात राहतात. जुन्या चाळवजा इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, आणि फाटकापासून जिन्यापर्यंत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असतात. मी रोज त्यांतून अंग चोरून येते. उद्या वर्दी गेली तर बंब आत कुठून येणार? तुमच्या घरची दुचाकी त्या रांगेत आहे की नाही, ते आज संध्याकाळी बघा आणि घरच्यांना सांगून हलवा. उद्या मी प्रत्येकाला विचारीन.

आता शेवटचं. ज्यांनी त्या काकांना हटवलं ते तिघे आणि मी शनिवारी सकाळी भायखळ्याला जाणार आहोत. चौथा फोटो छापून बरोबर घ्यायचा, मुख्यालयात दाखवायचा आणि हे कोण आहेत ते विचारायचं. पत्ता लागला तर त्यांच्या घरी जायचं, नाव विचारायचं, माफी मागायची आणि ते जे सांगतील ते ऐकून घ्यायचं. पत्ता लागला नाही तर पुढच्या १४ एप्रिलला त्याच जागी, ते येईपर्यंत थांबायचं.

कॅमेरा इथे टेबलावर ठेवा. शनिवारी तो लागणार नाही.