बिनबिलाचा सौदा

दुबईत नोकरीस असलेले आमचे एक नातलग यंदा दिवाळीला वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरास आले, आणि मनगटावरचे घड्याळ जो भेटेल त्याला दाखवीत, विक्रेत्याने चारशे दिरहम सांगितले असता, ‘पोलिसांत कळवू का?’ असे हसत हसत विचारून आपण त्याला शंभरावर कसे आणले, याची हकीकत त्यांनी अशा थाटात सांगितली, की ते घड्याळ ‘फर्स्ट कॉपी’ आहे ही गोष्ट त्या पराक्रमापुढे केवळ तपशिलाची उरली.

दुबईतील करामाच्या बाजारातील असल्या मालाची माहिती आता घरोघर आहे. तिचा विस्तार नको. दुसऱ्याच्या नावाचा अपहार ही चोरीच, एवढे म्हणून मी मोकळा होणार होतो, पण अस्सल-नकलीचा विषय निघाला की मला ताम्रपट आठवतात. १९३९ साली प्रकाशात आलेला विंध्यशक्ती द्वितीयाचा वाशीम ताम्रपट अस्सल ठरला म्हणून वाकाटकांच्या वत्सगुल्म (म्हणजे आजचे वाशीम) शाखेस इतिहासात स्थान मिळाले. परंतु याच देशात दानाची जमीन लाटण्यासाठी मृत राजाच्या नावे बनावट ताम्रपट कोरणारेही होऊन गेले, आणि खोटे राजशासन रचणाऱ्यास मनुस्मृतीने देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. (विषयांतर झाले खरे, पण वत्सगुल्माचे नाव काढल्यावाचून वाशीमकडच्या माणसाला राहवत नाही.) मात्र बनावट ताम्रपटाने फसतो तो तिसराच कोणी, नकली घड्याळात फसत कोणीच नाही, घेणारा जाणूनबुजून त्यात भागीदार असतो. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

नातलगांचे म्हणणे असे, की किरकोळ खर्चात बनणारी वस्तू लाखाला विकणारी कंपनीच खरी दरोडेखोर. असेलही. पण मग बिननावाचे घड्याळ त्याच बाजारात याहून स्वस्त मिळत असता, दरोडेखोराचेच नाव मनगटावर मिरविण्याची हौस कशासाठी, याचा जबाब त्यांच्यापाशी नव्हता.

गंमत अशी, की हेच गृहस्थ आपल्या वडिलांस अडाणी म्हणतात, कारण वडील हंगामात ‘चोर बीटी’ पेरतात. तणनाशक सहन करणारे हे मान्यता नसलेले सरकीचे बियाणे बिनबिलाने मिळते. उगवले नाही तर पावतीवाचून तक्रार कोणाकडे आणि कशाच्या आधारावर करावी? शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोली जहांगीर येथे, १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरले आणि त्याबद्दलचे गुन्हेही अंगावर घेतले. त्यांच्याशी मतभेद असू शकतो, परंतु त्यांनी कायदा मोडला तो चारचौघांत.

याच ठिकाणी माझा विचार मूळ वाटेवरून सरकला. चोर बीटीत पावतीवाचून असहाय होतो तो घेणारा शेतकरी. घड्याळाच्या सौद्यात असहाय होतो तो विकणारा. धाड आली तर माल जप्त व्हायचा तो त्याचा, आणि शब्द फिरविणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध फिर्याद नेण्याची सोय त्याला नाही. घासाघीस वाशीमच्या आठवडी बाजारातही चालते, चढा भाव सांगणे आणि तो उतरविणे ही रीतच आहे. पण तेथली भाजीवाली ‘नसेल परवडत तर राहू द्या’ म्हणून मोकळी होते, तिच्या मानेवर पोलिसांचे नाव ठेवता येत नाही. कंपनीच्या नावाचा अपहार घड्याळ चारशेला घेतले तरी तेवढाच होणार होता. वर वाचविलेले तीनशे दिरहम कंपनीचे नव्हते, ते ज्याला दाद मागता येत नाही अशा माणसाचे होते. आणि हेच गृहस्थ मॉलमध्ये चिठ्ठीवरचा भाव निमूटपणे मोजतात.

आपला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा नकली माल विकणाऱ्यास शिक्षा सांगतो. इटलीत २००५ पासून विकत घेणाऱ्यासही दंड होतो. त्या दंडाने नकला थांबतात की नाही हा प्रश्न वेगळा, परंतु तेथे निदान सौदा दोन दोषींत होतो, आणि पोलिसांचे नाव एकाच्याच हातातील हत्यार राहत नाही.

मग नकली वस्तू सांगितल्या भावाने घ्यावी काय, असे नातलगांनी उपरोधाने विचारले. घ्यायचीच असेल तर होय, असे मी म्हणालो. नकलेचा निषेध करण्यास बसलेल्या माणसाच्या तोंडी हे उत्तर विचित्र दिसते हे मला कळते. ते मागे घेण्यास पुरेसे कारण मात्र मला अद्याप सापडलेले नाही.