नाव कळवावे की लपवावे?



महिनाभर खोकणाऱ्या लेकीच्या थुंकीत क्षयरोगाचे जंतू निघाले, की आई डॉक्टरांपुढे हात जोडते : "औषध द्या, पण नाव सरकारात कळवू नका. लेकीचं लग्न व्हायचंय." नांदेड-लातूरकडे ही विनवणी कुणाला नवी नाही. अशा वेळी डॉक्टरांनी काय करावे?

कायदा स्पष्ट आहे. 2012 पासून खाजगी डॉक्टरांनीही क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. 2018 च्या अधिसूचनेने ही जबाबदारी औषध दुकानदारांवरही टाकली. पण मनाला प्रश्न पडतोच : नाव त्या मुलीचे. तिची इच्छा नसताना ते दुसऱ्याला सांगणे हा विश्वासघात नव्हे काय?

आईची भीती निराधार नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि महापालिकेला निर्भयपणे कळवले. त्यांनी योग्यच केले. परंतु पुढच्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे झडतली, माणसे ओढून नेली; तेव्हा लोक आपले रोगी लपवू लागले. नाव विचारणारा दंडुका घेऊन आला, की रोग माळ्यावर दडतो आणि तिथूनच पसरतो.

आज नोंदीमागून दंडुका येत नाही. मोफत औषधे येतात, नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात, घरातल्या लहानग्यांची तपासणी होते. मुखेड-कंधारहून ऊसतोडीला गेलेल्या रुग्णाची नोंद असेल, तर उपचार तिकडच्या सरकारी केंद्रात पुढे चालू ठेवता येतो. उलट, फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस औषधावाचून राहिला, तर वर्षभरात 10 ते 15 जणांना संसर्ग देऊ शकतो. आणि त्यात आधी घरचीच माणसे असतात. नाव मुलीचे खरे, पण त्याच खोलीत झोपणाऱ्या धाकट्या भावाचाही काही हक्क आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरे करतो आणि त्याला दोन गोष्टी सांगतो : कुणाला काही बोलू नकोस, मात्र जाऊन याजकाला दाखव. नियमशास्त्राप्रमाणे रोग तपासून माणसाला पुन्हा समाजात घेण्याचे काम याजकाकडे होते. ज्याच्याकडे ते काम आहे त्याला सांगायचे, इतरांपुढे गप्प राहायचे. या दोन आज्ञा एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. दोन्ही एकाच प्रेमातून आल्या आहेत.

पहिली आज्ञा डॉक्टर, दुकानदार व आरोग्य कर्मचारी यांनी नोंद करून पाळावी. आणि ते नाव त्यांनी चव्हाट्यावर येऊ देऊ नये. दुसरी आपल्या सर्वांसाठी आहे. खरे पाहता ती आई सरकारच्या वहीला भीत नाही. ती शेजारच्या ओट्याला, पाणवठ्याला, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात होणाऱ्या कुजबुजीला भिते. म्हणजे आपल्याला भिते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. आणि शेजारच्या घरी आरोग्यसेविका आलेली दिसली, तर "कशाला आली होती?" असे विचारू नका. नोंद करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ती नोंद निर्धास्तपणे करता यावी, असे गाव घडवणे हे आपले.