चाकं जमिनीवर असताना

गाडी बंद करा आणि पुढच्या चाकाजवळ खाली बसा. जमीन सपाट असू द्या, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. पान्हा अजून उचलू नका.

तुमच्यासमोर उभी आहे जीप रँग्लर जेके. ती सुमारे तीन इंच उचललेली आहे आणि तिच्यावर 35 इंची टायर चढवलेत. पुढचा अॅक्सल अखंड, स्प्रिंग कॉइलच्या. ताशी 80 च्या आसपास पुलाच्या जोडावर चाक उसळलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांना झटके देत डावीउजवीकडे आपटू लागलं. अमेरिकेतले जीपवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. तो प्रसंग सावकाश आठवा. धक्का बसल्यावरच थरथर सुरू झाली का? की गुळगुळीत रस्त्यावरही ठरावीक वेगाला येते आणि वेग वाढवला की जाते? तसं असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग बघा, टायर पुढचे मागे करून बघा. पण धक्क्यानं सुरू झालेली आणि वेग पार उतरेपर्यंत न थांबलेली थरथर वेगळी. तिला लागणारी ताकद गाडीच्या धावण्यातूनच मिळत राहते. चाकं एकीकडे वळतात, रस्ता त्यांना परत ढकलतो, पण मधे कुठे ढिलाई असली तर ती सरळ होऊन थांबत नाहीत, पलीकडे जातात. पुन्हा तिकडून इकडे. असं परत घडलंच तर स्टिअरिंगशी झटापट करू नका. धरून ठेवा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या, गाडी कडेला घ्या.

आता सोबत्याला सीटवर बसवा. गाडी मोकळ्या हवेत, इंजिन चालू, चाकं जमिनीवरच. जॅकवर घेतलीत तर सांध्यांवरचं ओझं उतरतं आणि जे शोधायचंय तेच लपतं. सोबत्यानं स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, न थांबता हलवत राहायचं. तुम्ही आडवे व्हा आणि ट्रॅक बार बघा. त्याचं एक टोक चौकटीला, दुसरं अॅक्सलला. अॅक्सल आडवा सरकू न देणं हे त्याचं काम. एकाच टोकावर नजर ठेवा. श्वास संथ चालू द्या. बार आणि ब्रॅकेट एकजीव हलतायत, की बार आधी हलतो आणि ब्रॅकेट क्षणभर मागे राहतं? चिमटा बसणार नाही अशा बेतानं बोट सांध्याच्या कडेला टेकवा. डोळ्याला न दिसणारी टकटक बोटाला लागते. वॉशरभोवती धातू घासून चकचकीत झालाय का, गंजाची तांबूस भुकटी दिसते का, तेही बघा. मग दुसरं टोक, तितक्याच निवांतपणे.

माझं ठाम मत आहे की अर्धा वेळ इथेच द्यावा. गाडी उचलल्यावर हा बार जास्त तिरपा होतो, अॅक्सल त्याच्या चौकटीकडच्या टोकाच्या बाजूला थोडा सरकतो आणि ब्रॅकेटवरचा ताण वाढतो. बोल्ट थोडा जरी ढिला राहिला तरी भोक घासून लांबट होत जातं. मग पान्ह्याला बोल्ट घट्ट लागला तरी बार भोकात हलतच राहतो. तिथे नुसतं आवळून भागत नाही, ब्रॅकेट दुरुस्त करावं लागतं.

मग टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट. बॉल जॉइंट मात्र चाक उचलून बघा, गाडी स्टँडवर टेकवून. टायरखाली पहार घालून हलकेच उचला. चाक आणि त्याला धरणारं नकल आधी वर येतात आणि अॅक्सलचं टोक मागाहून, असं दिसलं तर तो सांधा गेला.

हे सगळं घट्ट निघालं, तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव, मोजून घ्या. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, हेही ती हात सोडल्यावर सरळ जाण्याचं एक कारण. इथला तिरपेपणा मूळ गाडीत 4 अंशांच्या थोडा वर असतो आणि गाडी उचलली की घटतो. तो परत आणायला लांब कंट्रोल आर्म किंवा ब्रॅकेट मिळतात. पण अॅक्सल फिरवला की पिनियनचं तोंडही खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बिघडतो. दोन्ही बघून मधला कोन ठरवा.

नवा, जाड स्टिअरिंग डॅम्पर बसवायचा मोह होईल. त्यानं थरथर काही दिवस दबते आणि तेवढे दिवस ढिलं भोक मोठं होत राहतं. कारण सापडेपर्यंत मी तरी त्यावर पैसे घालू देणार नाही.

आता पान्हा घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना, नव्या उंचीवरच आवळा. जॅकवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. ट्रॅक बारचे बोल्ट टॉर्क रेंचनं 169 न्यूटन मीटरला. नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक सरळ रेघ ओढा. शे-दोनशे किलोमीटर चालवून आलात की पुन्हा खाली वाकून बघा, रेघ तुटली आहे का.