श्रवण आणि मनन

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे. मग प्रौढ वयात ज्याचे ऐकणेच लोपले, त्याने काय करावे? १९७८ साली मेलबर्न येथे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी अपघाताने बहिरे झालेल्या एका गृहस्थाच्या अंतर्कर्णात विजेच्या सूक्ष्म तारा बसविल्या. बाहेरील यंत्राने टिपलेला ध्वनी विद्युत्‌रूपाने श्रवणतंतूंस पोचू लागला. या कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आता आपल्या देशातही होते. परंतु आरंभी आप्तांचा स्वरही परका वाटतो. कित्येक महिन्यांच्या अभ्यासाने त्यातून शब्द उमगतो. श्रवणानंतर मनन सांगितले आहे, ते येथेही खरे ठरते. म्हणून संतपुरात आपल्या घरी असे कोणी असल्यास समोर बसून सावकाश बोलावे, कीर्तनात त्यांना पुढची जागा द्यावी. न कंटाळता पुन्हा सांगणे, हीदेखील सेवाच होय.